बेगमी आणि देणं

२०१९ साली कॅनडातल्या रिजायना शहरातलं एक सरकारी गोदाम बंद करण्यात आलं. देशाच्या आपत्कालीन साठ्यापैकी काही माल तिथे ठेवलेला होता. त्यातले २० लाख एन-९५ मास्क आणि ४ लाख ४० हजार वैद्यकीय हातमोजे कचरा डेपोत गेले. हा माल २००९च्या स्वाइन फ्लूच्या वर्षी घेतलेला होता आणि त्याची मुदत २०१४ मध्येच संपली होती. पुढच्या वर्षी मार्च उजाडेपर्यंत जगातल्या निम्म्या देशांतल्या परिचारिका एकेक मास्क जपून, वाळवून, पुन्हा पुन्हा वापरत होत्या.

ही बातमी वाचली की आधी संताप येतो. पण नेमकं चुकलं काय, हे सांगायला बसलं की अडखळायला होतं. मुदत संपलेला माल टाकला, ही काही चूक नाही. २००९ मध्ये घेतला, ही तर नाहीच. मग २०१४ मध्ये पुन्हा घेतला नाही, ती चूक म्हणायची? ठीक आहे, समजा घेतला असता. पाच वर्षं मुदतीचा तो मालही २०१९ मध्ये न वापरताच बाद झाला असता. तोही फेकून तिसऱ्यांदा खरेदी केली असती, तर ती २०२० मध्ये कामाला आली असती.

म्हणजे या बाबतीत शहाणं सरकार कोणतं, तर दोनदा कोट्यवधींचा नवाकोरा माल फेकून तिसऱ्यांदा पुन्हा पैसे काढणारं. आणि असं सरकार दिसलं तर तुम्ही-आम्ही त्याला काय म्हणू? उधळं.

हा पेच मला गेली काही वर्षं सोडत नाही. जी वस्तू वापरायची वेळ कधी येऊ नये अशी इच्छा धरून विकत घ्यायची, ती वापरली गेली नाही तर पैसा वाया गेला का? आणि मुळात ती घ्यायची कोणासाठी? स्वतःच्या शहाणपणासाठी, की कुणाचं काही देणं लागतो म्हणून?

पावसाळ्याचं शहाणपण

साठवण आपल्याला नवी नाही. मराठीत त्यासाठी एक सुंदर शब्द आहे, बेगमी. कोकणात मे महिना आला की पावसाळ्याची बेगमी सुरू होते: लाकूडफाटा रचायचा, सुके बोंबील आणि सुकट डब्यात भरायची, आमसुलं वाळवायची, कुळीथ-तांदूळ बघून ठेवायचे. गोव्यात याच गोष्टीला पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि तिथल्या मातीत रुजला. मडगावला तर पुरुमेंताचं फेस्तच भरतं. देशावर धान्याची जमिनीखालची पेवं असत. पन्हाळ्यावर गेला असाल तर अंबरखान्याच्या त्या जाड भिंतींच्या कोठारांत उभं राहून गारवा अनुभवला असेल. वेढा पडला तर गड किती दिवस लढेल, हे तलवारींइतकंच त्या कोठारांवर ठरत असे.

पण या बेगमीत आणि मास्कच्या साठ्यात एक मोठा फरक आहे. पावसाळा दरवर्षी येतो. मे महिन्यात भरलेला डबा गणपतीपर्यंत रिकामा होतो. तांदूळ तर जुना झाला की त्याचं मोल वाढतं. बेगमी करणाऱ्या बाईला कुणी उधळी म्हणत नाही, कारण तिचा हिशेब चार महिन्यांत सगळ्यांच्या ताटात दिसतो.

मास्कचं तसं नाही. एन-९५ मास्कमधला खरा कामाचा थर म्हणजे प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंची एक जाळी. त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि त्याच्या जोरावर हवेतले बारीक कण ओढले जाऊन अडकतात. उष्ण, दमट गोदामात वर्षानुवर्षं पडून हा भार कमी होऊ शकतो. त्याआधी बहुतेक वेळा कानामागचे नाहीतर डोक्यामागचे पट्टे मरतात, ताणले की तुटतात. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर आतला थर कितीही उत्तम असून उपयोग नाही. मास्क जुना होतो, पण मुरत नाही.

आणि साथ दरवर्षी येत नाही. दहा वर्षांनी येईल, तीस वर्षांनी येईल. दहा वर्षं म्हणजे दोन विधानसभा, तीन आरोग्यमंत्री आणि कितीतरी बदल्या. मे महिन्यात बेगमी करणारी आणि जुलैमध्ये जेवणारी माणसं एकाच घरातली असतात. मास्क विकत घेणारा मंत्री आणि ते मास्क वापरणारी परिचारिका यांची कधी गाठही पडत नाही.

म्हणून मला वाटतं, पावसाळ्याचं शहाणपण इथे पुरत नाही. इथे दुसरंच काहीतरी लागतं.

जो घेतो तो हसं करून घेतो

फ्रान्सचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा रोझलिन बाशलो तिथल्या आरोग्यमंत्री होत्या. त्यांनी ९ कोटी ४० लाख लशींच्या मात्रांची मागणी नोंदवली. सरकारी साठ्यात त्या सुमारास १०० कोटींच्या आसपास सर्जिकल मास्क होते आणि त्याहून भारी, एन-९५च्या तोडीचे मास्कही कोट्यवधी होते. साथ वाटली होती त्यापेक्षा सौम्य निघाली. मग बाशलोबाईंची वृत्तपत्रांत, टीव्हीवर, संसदेत यथेच्छ टवाळी झाली. औषध कंपन्यांची धन केली, जनतेला उगाच घाबरवलं, असे आरोप झाले.

पुढच्या सगळ्या मंत्र्यांनी यातून एकच धडा घेतला: जास्त घेतलं तर हसं होतं. २०१३ मध्ये धोरण बदललं. भारी मास्क ज्याच्या त्याच्या मालकाने, म्हणजे रुग्णालयांनी आणि संस्थांनी, आपापल्या कर्मचाऱ्यांसाठी घ्यावेत असं ठरलं. त्यांनी ते खरोखर घेतले की नाही, हे नीट कुणी पाहिलं नाही. मार्च २०२० मध्ये सरकारी साठ्यात ११ कोटी ७० लाख सर्जिकल मास्क उरले होते. भारी मास्क जवळजवळ शून्य.

कॅलिफोर्नियात हीच गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. २००६ मध्ये बर्ड फ्लूची भीती होती. गव्हर्नर होते आर्नल्ड श्वार्झनेगर, तेच, ‘टर्मिनेटर’वाले. राज्याने २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून ५ कोटी एन-९५ मास्क, २,४०० व्हेंटिलेटर आणि ट्रकवर लादून नेता येतील अशी ३ फिरती रुग्णालयं उभी केली. २०११ मध्ये नवे गव्हर्नर जेरी ब्राउन आले तेव्हा राज्याच्या अंदाजपत्रकात सुमारे २६ अब्ज डॉलरचं भगदाड होतं. काटछाटीत या साठ्याच्या देखभालीचे पैसे गेले. किती होते ते? वर्षाला फार तर ५८ लाख डॉलर. २६ अब्जांपुढे हा आकडा म्हणजे हत्तीच्या अंगावरची माशी. पण माशी मारली गेली, कारण तिच्या बाजूने बोलणारं सभागृहात कुणी नव्हतं.

संकट टळलं की ते टाळणाऱ्याला श्रेय मिळत नाही. न पडलेल्या पुलाचं उद्घाटन होत नाही. लोकशाहीत हे दुखणं खोल आहे. साठा करणाऱ्याचा खर्च आज दिसतो आणि न करणाऱ्याचा अपराध दहा वर्षांनी, तोही दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत.

पण गरिबाच्या घरी?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पैसा मोजकाच असतो. जेरी ब्राउन यांनी ते पैसे खिशात घातले नव्हते. त्यांच्यापुढे शाळा होत्या, वृद्ध होते, अपंगांच्या सेवा होत्या. आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. मेळघाटात आजही कुपोषित बाळं असताना, कदाचित कधीच न लागणाऱ्या मास्कवर कोटी रुपये घालून पाच वर्षांनी ते जाळायचे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

एक उत्तर हिशेबाचं आहे. साठा न करणं ही बचत नसते, ती उधारी असते, आणि वेळ आली की सावकारी व्याजाने फिटते. ब्रिटनने पहिल्या वर्षात संरक्षक साहित्यावर सुमारे १२ अब्ज पाउंड खर्च केले. त्यातला सुमारे ४ अब्ज पाउंडांचा माल वापरण्याजोगा नव्हता. तो जाळून वीज करायचं ठरलं. ओळखीपाळखीच्या पुरवठादारांसाठी वेगळी ‘व्हीआयपी’ वाट ठेवली होती. ती बेकायदा होती, असं पुढे तिथल्या न्यायालयाने म्हटलं. मार्च २०२०च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं होतं की सर्जिकल मास्कचे भाव सहापट झालेत, एन-९५चे तिप्पट. पूर आल्यावर होडी विकत घ्यायला गेलं की भाव होडीवाला ठरवतो.

पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. हिशेबाच्या उत्तराला हिशेबानेच खोडता येतं. उद्या एखादा अर्थतज्ज्ञ दाखवून देईल की तीस वर्षांचा खर्च धरला तर साठा महागच पडतो. मग काय, परिचारिकांना सांगायचं की बाई, तुमचा जीव वाचवणं आकडेवारीत बसत नाही?

खरं उत्तर हिशेबाच्या अलीकडे आहे. खर्चाचे दोन प्रकार असतात. एक, ज्यात आपण विचारतो की या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग कोणता. दुसरा, ज्यात हा प्रश्नच लागू होत नाही, कारण तो पैसा आपला नसतोच. तुम्ही मित्राकडून पाच हजार घेतलेत आणि परत करायच्या दिवशी त्याला म्हणालात, “अरे, त्या पैशांचा मी यापेक्षा चांगला उपयोग शोधलाय, एका गरीब मुलाची फी भरतोय,” तर तो मित्र काय म्हणेल? “मुलाची फी तुझ्या पैशांतून भर. माझे आधी दे.”

संरक्षक साहित्याचा साठा हा दुसऱ्या प्रकारचा खर्च आहे, असं माझं म्हणणं आहे. ती बेगमी नाही. ते देणं आहे.

देणं कुठून येतं

२००३ मध्ये टोरंटोत सार्सची साथ आली. कॅनडात ४४ माणसं गेली. बाधितांमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रमाण प्रचंड होतं आणि मृतांमध्ये दोन परिचारिका व एक डॉक्टर होते. त्या वेळी भारी मास्क खरंच लागतो का, रोग हवेतून पसरतो की थेंबांतून, यावर तज्ज्ञांचे वाद चालले होते. परिचारिका आम्हाला मास्क द्या म्हणत होत्या. पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने या सगळ्याची चौकशी केली. त्यांच्या अहवालातलं मुख्य सूत्र साधं होतं: धोका कमी करणारी वाजवी पावलं उचलायला विज्ञानाची शंभर टक्के खात्री होण्याची वाट बघत बसू नका. शंका असेल तर शंकेचा फायदा कामगाराला द्या.

त्याच टोरंटोतल्या विद्यापीठाच्या नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये साथीच्या काळातल्या नैतिकतेवर एक टिपण तयार केलं. त्यात परस्परतेचं तत्त्व मांडलं होतं. समाज जेव्हा काही माणसांना सगळ्यांच्या भल्यासाठी जास्त धोका पत्करायला सांगतो, तेव्हा तो त्यांचं काही लागतो.

हे वाचायला अगदी सरळ आहे. तरी आपण त्यातला क्रम चुकवतो. आपण म्हणतो, त्यांनी त्याग केला, म्हणून आपण कृतज्ञ राहू. २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता आपण थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. मी त्या भावनेची टिंगल करणार नाही. बाल्कनीत उभ्या असलेल्या पुष्कळांचे डोळे खरोखर ओले झाले होते. पण कृतज्ञता नंतर येते. देणं आधी तयार होतं, ज्या क्षणी आपण कुणाला ‘तू जा’ म्हणतो त्या क्षणी.

सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं देणं होतं, समाजाला दिलेलं, आणि म्हणूनच ते इतकं मोठं आहे. पण सावित्रीबाईंची तसबीर लावून आपण पगारी, कंत्राटी, मानधनावरच्या बाईकडून तेच गृहीत धरू लागलो, तर तो सावित्रीबाईंचा वारसा होत नाही. त्याग देणाऱ्याच्या हातात असतो. मागून घेतला की त्याला वेठ म्हणतात.

सैन्याच्या बाबतीत हे आपल्याला न सांगता कळतं. जवानाला बंदूक घरून आण म्हटलं तर देश पेटून उठेल. मग सफाई कामगाराला बूट घरून आण म्हटलं तर का पेटत नाही?

‘अत्यावश्यक’ म्हणजे कोण?

मराठी माणसाला ‘अत्यावश्यक सेवा’ हा शब्द कुठून माहीत आहे? मेस्मावरून. महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा. संप मोडायचा असला की तो लागतो. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला गेला. विधिमंडळात मोठा गदारोळ झाला, मग त्याला स्थगिती मिळाली. आपल्या कायद्याच्या भाषेत अत्यावश्यक असणं म्हणजे ‘नाही’ म्हणायचा हक्क गमावणं. तुम्ही इतके गरजेचे आहात की तुम्हाला थांबता येणार नाही. ठीक. पण तुम्ही इतके गरजेचे आहात म्हणून आम्ही तुम्हाला काय देणार, याची ओळ त्या शब्दापुढे लिहिलेलीच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या आशाताईंशी मी मागे एकदा यावर बोललो होतो. २०२०च्या मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावात उतरू लागले, तेव्हा घरोघर जाऊन नावं लिहून घेणं, कोण खोकतंय ते बघणं, चौदा दिवस कुणी बाहेर पडत नाही ना यावर लक्ष ठेवणं, हे सगळं त्यांच्याकडे होतं.

“मास्क मिळाला होता ना तुम्हाला?” मी विचारलं.

“मिळाला की. एक.”

“मग?”

“मग काय, रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. त्याची नाडी तुटली, मग ओढणी. घरात सासरे दम्याचे, म्हणून मी दीड महिना पडवीत झोपले.”

“नाही म्हणावंसं वाटलं नाही?”

त्या हसल्या. “नाही कुणाला म्हणायचं रे? लोक आपलेच ना.”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. व्यवस्था नेमकी या ‘आपलेच ना’वर टेकून उभी असते. मोबदला देताना आशाताई ‘स्वयंसेविका’ असतात, काम सांगताना अत्यावश्यक. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांमागे हीच विसंगती होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या १० लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव झाला याचा आनंदच आहे. पण गौरव तोंडावर बांधता येत नाही.

याउलट कॅलिफोर्नियाने २०२०च्या सप्टेंबरमध्ये एक कायदा केला. निधी मंजूर झाल्यावर राज्याने संरक्षक साहित्याचा साठा उभारायचा, आणि तो किमान ९० दिवसांच्या साथीला पुरेल इतका असला पाहिजे. कोणासाठी? आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्यावश्यक कामगारांसाठी, ज्यांत शाळेतले कर्मचारी, पाळणाघरातल्या बाया, घरी जाऊन वृद्धांची सेवा करणारे असे सगळे आले. हा कायदा परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. ‘निधी मंजूर झाल्यावर’ या तीन शब्दांत २०११ पुन्हा घडू शकतं. पण एक गोष्ट तिथे घडली: ‘अत्यावश्यक’ या शब्दाला प्रथमच एक उलट टोक मिळालं. तू थांबायचं नाहीस, तर आम्हीही रिकाम्या हाताने यायचं नाही.

कोठाराची किल्ली

साठा असला म्हणजे झालं का? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुर्गादेवीचा दुष्काळ. बादशहाची धान्याची कोठारं भरलेली आणि बाहेर माणसं मरताहेत. पंत कोठारं उघडतात. मग बिदरहून बोलावणं येतं आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन सगळी रक्कम चुकती करतो.

कीर्तनात या गोष्टीचा शेवट भक्तीवर होतो. मला मात्र तिच्या सुरुवातीत जास्त रस आहे. ते धान्य होतं कशासाठी? दुष्काळासाठीच तर कोठारं असतात. मग दुष्काळात ती उघडणं हा गुन्हा कसा झाला? कारण साठा कुणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. बादशहाच्या लेखी तो बादशहाचा होता.

ही फक्त दंतकथा आहे असं समजू नका. २ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्षांचे जावई जॅरेड कुश्नर म्हणाले की केंद्राचा साठा हा आमचा साठा आहे, तो राज्यांनी वापरायचा नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचं त्या साठ्याचं वर्णनही बदललं. त्या साठ्यातले सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मास्क २००९ मध्ये वाटले गेले होते आणि त्यांची जागा नंतर नीट भरलीच गेली नव्हती. उरल्यासुरल्या मालासाठी राज्यं एकमेकांवर चढी बोली लावत होती. ‘आमचा’ म्हणजे नक्की कोणाचा, हा मंगळवेढ्याचा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये उभा राहिला.

साठा देणं असेल, तर उत्तर सोपं होतं. ज्याचं देणं लागतो, त्याचा तो. सरकार त्याचं मालक नाही, राखणदार आहे. मग किल्ली कुठे, कोणत्या परिस्थितीत कोठार आपोआप उघडेल, आधी कोणाला मिळेल, हे सगळं साथ यायच्या आधी लिहून ठेवावं लागतं. म्हणजे दामाजीपंतांना जीव धोक्यात घालावा लागत नाही आणि विठ्ठलालाही धावावं लागत नाही.

जुना तांदूळ

आता पुन्हा त्या सुरुवातीच्या पेचाकडे. देणं असलं तरी पाच वर्षांनी माल बाद होतोच. मग दर पाच वर्षांनी फेकायचा?

इथे मे महिन्यातली ती बाई पुन्हा मदतीला येते. तिचा डबा खराब का होत नाही? कारण ती त्यातून रोज काढते. जुनं आधी संपवते, नवं मागे भरते. साठा तेव्हाच मरतो, जेव्हा तो रोजच्या जगण्यापासून तोडून, कुलूपबंद गोदामात ‘आपत्तीसाठी’ म्हणून ठेवला जातो. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ओन्टारियोने सार्सनंतर सुमारे साडेपाच कोटी एन-९५ मास्क घेतले. २०१७ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी पाहिलं तेव्हा आपत्कालीन साठ्यातला ८० टक्क्यांहून अधिक माल मुदतबाह्य झालेला होता. तो रोजच्या वापरात फिरवलाच गेला नव्हता.

फिरवायचा, तर रोज वापरणारे हात हवेत. आणि आपल्याकडे ते हात आहेत. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय हवेतून पसरतो, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या वॉर्डात काम करणाऱ्या आया, वॉर्डबॉय, परिचारिकांना रोज, खरोखर रोज, एन-९५ची गरज असते. गटारात उतरणाऱ्या माणसाची आपत्ती तर कुठल्या साथीची वाट बघत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याच्या नियमांत संरक्षक साहित्याची लांबलचक यादी आहे. तरी माणसं मरत राहिली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांपर्यंत वाढवली. तसंच २०२०च्या मार्चमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता. विमा हवाच. पण मेल्यानंतरचं वचन आपण पटकन देतो आणि मरण्याआधीच्या वचनाला निविदा, मंजुरी, पुरवठादार असं सगळं आडवं येतं.

म्हणून माझा निष्कर्ष असा. ज्या समाजात क्षयाच्या वॉर्डातल्या आयाला साध्या मंगळवारी चांगला मास्क मिळतो, त्या समाजाचा आपत्कालीन साठा आपोआप ताजा राहतो, कारण तो सतत फिरत असतो. जिथे रोजचं देणं बुडवलं जातं, तिथे आपत्तीसाठी भरलेलं गोदाम रिजायनाच्या वाटेने जातं. फिनलंडचा साठा २०२०मध्ये जगाने वाखाणला. त्या व्यवस्थेचा खर्च तिथे प्रत्येकाच्या वीज-इंधनाच्या बिलातून थोडा थोडा जमा होतो. अर्थात घाईची खरेदी तिथेही अंगाशी आली. एप्रिलमध्ये चीनमधून आणलेले मास्क रुग्णालयांच्या निकषांत बसेनात, आणि त्या संस्थेच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. तरी मला त्यातली आवडणारी गोष्ट ही की दिवा लावणारा प्रत्येक जण त्या देण्यात वाटेकरी आहे.

आपण भारतीय दोन महिन्यांत पीपीई किट बनवायला शिकलो, हे खरं आहे. २०२०च्या सुरुवातीला देशात असे अंगभर पोशाख जवळजवळ बनतच नव्हते, आणि मे महिन्यात रोज २ लाखांहून अधिक बनू लागले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण कारखाने उभे राहीपर्यंतचे ते दोन महिने कुणीतरी रेनकोट, हेल्मेट आणि ओढणीवर काढले. साठा हवा असतो तो त्या दोन महिन्यांसाठी.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्या साथीच्या वेळी तिशी-चाळिशीत असतील. त्यातले काही डॉक्टर असतील, काही नर्स, काही डिलिव्हरीचं काम करत असतील, काही अधिकारी असतील आणि कुणीतरी नक्की बजेटच्या खोलीत बसलेलं असेल. तिथे एका ओळीवर बोट येईल: साठ्याची देखभाल, अमुक लाख, गेल्या सात वर्षांत वापर शून्य. सगळे म्हणतील, काटा.

तोवर थांबायचीही गरज नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत तीन प्रश्न विचारता येतात. आपल्या जिल्ह्यात आरोग्य आणि सफाई कामगारांसाठी किती संरक्षक साहित्य शिल्लक आहे? त्यावर मुदतीची तारीख कोणती आहे? आणि गेल्या महिन्यात त्यातलं किती, कोणाला वाटलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘निरंक’ आलं, तर पहिल्या दोन आकड्यांवर फार विसंबू नका.